ऐकू न येणारं नाव

गाय गॅव्हरिएल के या कॅनेडियन लेखकाच्या ‘टिगाना’ (१९९०) या कादंबरीत ब्रॅन्डिन नावाचा मांत्रिक राजा आहे. टिगानाविरुद्धच्या युद्धात त्याचा मुलगा मारला जातो. सूड म्हणून तो शहरं पाडतो, माणसं मारतो आणि शेवटी प्रांताचं नावच पुसतो. टिगानात जन्मलेल्यांखेरीज ते नाव कुणाला ऐकूच येत नाही. ती पिढी गेली की नाव संपलं.

जुलूम म्हणजे विस्मरण, असं आपण सहज म्हणून टाकतो. के यांची समज याहून बारीक आहे. टिगानाचे लोक काहीच विसरलेले नाहीत. त्यांचं म्हणणं दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचत नाही, एवढंच.

नागपुरात बसून हे वाचताना मला गोवारींचा मोर्चा आठवत राहिला. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशनाच्या काळात, या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मेले. त्यांत बाया होत्या, पोरं होती. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची. यादीत ‘गोंड गोवारी’ असं नाव आहे. ही एकच जमात, की गोंड वेगळे आणि गोवारी वेगळे? मधे एक स्वल्पविराम हवा होता का, इथवर वाद गेला. २०१८मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

इथे मला कादंबरी तोकडी वाटते. ब्रॅन्डिन मरतो आणि नाव परत येतं. यादीच्या मागे मात्र कुणी मांत्रिक नाही. कुणाला मारून स्वल्पविराम उमटत नाही.

पण एर्लेनच्या प्रकरणात के खरोखर मोठे लेखक ठरतात. टिगानाचा परागंदा राजपुत्र अलेसान आपल्या लढ्यासाठी एर्लेन या जादूगाराला मंत्राने बांधून घेतो. एर्लेनची चीड रास्त आहे: तुझ्या स्वातंत्र्यासाठी मी गुलाम का व्हावं? अलेसानपाशी उत्तर नाही. गोवारींच्या मागणीला विरोध करणाऱ्या आदिवासी संघटनाही आहेत, आणि आपला वाटा घटेल ही त्यांची भीती पोकळ नाही. एकाच्या न्यायाचा भार दुसऱ्या दुबळ्यावर पडतो तो असा. पुढे अलेसान एर्लेनला मोकळं करतो आणि तो आपणहून मदतीला येतो. ही सोडवणूक मला फार सोयीची वाटली. प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्यासाठी ही जाडजूड कादंबरी वाचावी.

सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. पत्ता सांगताना ते रोज घेतलं जातं. ते सगळ्यांना ऐकू येतं. यादीतलं नाव त्यांचं की नाही, हा प्रश्न मात्र तिथेच आहे.