‘आम्ही’ आणि ‘आपण’ : उद्देशिकेचे व्याकरण

भारतीय संविधानाच्या उद्देशिकेची चर्चा बहुधा न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता या मूल्यांभोवती फिरते. संविधानाचा अधिकार कोठून येतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र या मूल्यनामांत नसून वाक्याच्या कारकव्यवस्थेत आहे. मराठी पाठात कर्ता ‘लोक’, कर्म संविधान आणि संप्रदान पुन्हा तेच लोक. संविधानसभा येते ती अधिकरण म्हणून : कृती तिच्यात घडते, ती कृती करीत नाही.

हे वाक्य वस्तुस्थितीचे वर्णन मानले तर ते टिकत नाही. १९४६ साली सभेचे प्रांतिक सदस्य मर्यादित मताधिकारावर आलेल्या विधिमंडळांनी निवडले होते. पूर्ण झालेले संविधान सार्वमतासाठी लोकांपुढे ठेवले गेले नाही. मग हे ‘आम्ही’ कोण? अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची चिकित्सा करताना जाक देरिदा यांनी दाखविले, की स्वाक्षरी करणारे लोक स्वाक्षरीपूर्वी त्या रूपात अस्तित्वातच नसतात. स्वाक्षरी त्यांना घडविते. उद्देशिकाही अशीच भाषिक कृती आहे. परंतु एवढ्यावर थांबल्यास उरतो तो केवळ विरोधाभास.

त्यापुढे नेणारा भेद मराठी सर्वनामांत आहे, इंग्रजीत तो नाही. ‘आपण’ श्रोत्याला सामावून घेते, ‘आम्ही’ त्याला वगळते. अर्पण स्वतःलाच करावयाचे, तर वगळलेला श्रोता कोण? अनुच्छेद ३९५ त्याचा निर्देश करतो. या अनुच्छेदाने १९३५ चा भारत सरकार कायदा आणि १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा निरसित केले. ज्या ब्रिटिश कायद्याने सत्तांतर झाले, तोच येथे मोडीत निघतो. ‘आम्ही’ म्हणजे ब्रिटिश संसदेच्या दातृत्वाला दिलेला नकार होय.

तथापि श्रोता निघून गेल्यावरही सर्वनाम उरतेच, आणि त्यावर हक्क सांगणारे पुढे येतात. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाची मूलभूत संरचना संसदेच्या दुरुस्तीपलीकडे ठेवली. संसद म्हणजे ‘लोक’ नव्हेत, हे त्यातून स्पष्ट झाले. पण लोकांनी न निवडलेले न्यायालय तरी ‘आम्ही’ कसे म्हणणार? लोकसार्वभौमत्वाचा अर्थ कर्तेपद कोणत्याही एका संस्थेला न मिळणे हा असेल, तर अनुच्छेद ३२६ चा प्रौढ मताधिकार आणि १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक यांकडे त्या वाक्याची उत्तरकालीन स्वाक्षरी म्हणून पाहावे लागते. ‘आम्ही’चे ‘आपण’ होण्याची प्रक्रिया तेथे सुरू होते. एका निवडणुकीने ती संपत नाही.