घर कुणाचे, दार कुठे?

आजचा प्रश्न वरवर फार साधा आहे. मुक्तस्रोत म्हणजे सर्वांचा, हे आपण मान्य केले. पण जे सर्वांचे आहे ते ठेवायचे कुठे? आणि बाहेरच्या माणसाला त्यात भर घालायची असेल तर त्याने कोणत्या दारातून आत यायचे?

उदाहरण आपल्या डोळ्यांपुढचेच घेऊ. ‘लोहित’ हा फाँटसंच. मूळ अक्षरे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. रेड हॅटने ती घेऊन २००४ मध्ये जीपीएल परवान्याखाली मोकळी केली आणि २०११ मध्ये ओपन फाँट लायसन्स लावला. त्यात मराठी आहे, कन्नड आहे, तेलुगू आहे. म्हणजे आपल्या सोलापूरच्या गल्लीबोळांत ऐकू येणाऱ्या तिन्ही भाषा आल्या. पण हा ठेवा राहायला होता फेडोराहोस्टेडवर. २०१७ मध्ये ते ठिकाण बंद झाले आणि बिऱ्हाड पाग्युअरवर गेले. आता फेडोराने पाग्युअरही सोडून फोर्जेजोकडे जायचे ठरवले आहे. अक्षरे आपली, पण घर भाड्याचे!

यावर एक उत्तर तयार असते : सगळे गिटहबवर आहेत, तिथेच जा. हे उत्तर आम्ही हसण्यावारी नेत नाही. कांदा घेऊन शेतकरी मार्केट यार्डातच जातो, कारण गिऱ्हाईक तिथे असते. पण म्हणून कुणी शेताचा सातबारा अडत्याकडे ठेवून येतो का? गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घ्यायचे ठरवले. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराणमधल्या प्रोग्रामरांच्या खात्यांवर बंधने आली. आणि आपल्याकडे डिसेंबर २०१४ मध्ये ज्या ३२ ठिकाणांवर सरकारी बंदी आली, त्यांत गिटहबही होते. बंदी लवकर उठली, हे खरे. पण दार बंद करणारा हात आपला नव्हता, हेही तितकेच खरे.

कुणी म्हणेल, गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असतेच की! असते. गिट जन्मले तेच मुळी अशा धक्क्यातून. २००५ मध्ये बिटकीपरची फुकट सवलत गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी ते लिहिले. पण प्रत कोडची असते. कोणती चूक कुणी दाखवली, वाद काय झाला, निर्णय का घेतला, हे संभाषण त्या प्रतीत येत नाही. ते यजमानाच्या घरी राहते. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर निष्कर्ष आपल्याकडे राहतो आणि युक्तिवाद दुसऱ्याकडे. युक्तिवाद हरवलेला निष्कर्ष पुढच्या पिढीला समजत नाही, नुसता पाळावा लागतो.

आता दुसरी बाजू. काही मंडळी स्वतःचा सर्व्हर उभारतात आणि समाधानाने आत बसतात. नवे खाते काढा, इंग्रजीत लिहा, अमुक नमुन्यातच लिहा! बघा, ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. रफार आणि ऱ यांतला हा फरक पडद्यावर बिघडला, तर तो आधी दिसेल छापखान्यातल्या मुद्रितशोधकाला. त्याला प्रोग्रामिंग येत नाही, पण मराठी येते. त्याला आत येता येत नसेल, तर सर्व्हर स्वतःचा असून काय उपयोग? भर घालणारा म्हणजे फक्त कोड लिहिणारा, ही समजूतच आम्हाला चुकीची वाटते.

म्हणून घर आणि दार या दोन गोष्टी वेगळ्या करू. पत्ता स्वतःच्या नावाचा असावा, म्हणजे यजमान बदलला तरी पत्ता बदलणार नाही. चर्चेची नोंद नियमितपणे उतरवून घ्यावी आणि दोन-तीन ठिकाणी ठेवावी. दारे मात्र अनेक असावीत : गिटहबवर प्रत ठेवा, ईमेल घ्या, मराठीत आलेली तक्रार मराठीतच घ्या.

हे फुकट होणार नाही. तक्रारी वाचणारा, नोंदवणारा, उत्तर देणारा माणूस लागतो. आमच्या मते हे काम विद्यापीठांच्या भाषा विभागांनी आणि संगणक विभागांनी मिळून अंगावर घ्यावे. शब्दकोश करणे हे विद्वत्तेचे काम आपण मानतो ना? मग ज्या अक्षरांत तो शब्दकोश वाचला जातो, ती सांभाळणे हेही विद्वत्तेचेच काम आहे.