डिस्ट्रोफिनची रेघ

स्नायूच्या बायोप्सीचा आडवा छेद, जाडी जेमतेम 8 ते 10 मायक्रॉन. त्यावर डिस्ट्रोफिन हे प्रथिन ओळखणारी अँटीबॉडी, तिला चिकटणारी चमकत्या रंगाची दुसरी, आणि मग अंधाऱ्या खोलीतला फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप. निरोगी स्नायूत प्रत्येक तंतूभोवती बारीक, अखंड हिरवी रेघ दिसते. कासाराने बांगड्या खेटून मांडाव्यात तशी. डिस्ट्रोफिन पेशीच्या पडद्याला आतून लगटून असतं, म्हणून तंतूचं पोट काळंच राहतं. या स्टेनचं सौंदर्य त्याच्या कंजूसपणात आहे. नेहमीचं हिमॅटॉक्सिलिन-इओसिन स्टेनिंग सगळंच रंगवून मोकळं होतं. हा फक्त कड दाखवतो.

ड्युशेन हा स्नायुक्षयाचा आजार असलेल्या मुलाच्या स्लाइडवर ती कडच नसते. 1987 साली हॉफमन, ब्राउन आणि कुंकेल यांनी ज्या प्रथिनाचा अभाव दाखवला, तो इथे डोळ्यांना दिसतो. पण काळोखावर लगेच भरवसा ठेवू नये. नमुना नीट गोठवला नसेल, पडदाच फाटला असेल, तरीही रेघ जाते. म्हणून शेजारच्या छेदावर स्पेक्ट्रिन हे पडद्यालगतचंच दुसरं प्रथिन रंगवतात. ते लख्ख आणि डिस्ट्रोफिन गायब, तेव्हाच त्या काळोखाला अर्थ येतो.

आणि त्या काळोखात मधूनच एखादा तंतू पूर्ण उजळलेला सापडतो. त्याच्यापुरता जनुकाचा आणखी एखादा तुकडा (एक्सॉन) वगळला गेलेला असतो आणि जनुकाच्या वाचनाची बिघडलेली चौकट पुन्हा जुळलेली असते. नवख्याला हा स्टेनिंगचा दोष वाटतो. मला विचाराल तर अख्ख्या स्लाइडमधली हीच जागा दाद देण्यासारखी. एक्सॉन वगळणारी औषधं हेच मुद्दाम घडवू पाहतात.

आजाराची लक्षणं असलेल्या वाहक स्त्रीच्या स्नायूत काही तंतू उजळ, काही काळे.

खरी परीक्षा बेकरची, म्हणजे याच आजाराच्या सौम्य प्रकाराची. रेघ असते, पण फिकी, तुटक. इथे एका अँटीबॉडीवर भागत नाही. प्रथिनाचा मधला दांडा आणि दोन्ही टोकं वेगवेगळी तपासावी लागतात. अँटीबॉडी जो तुकडा ओळखते नेमका तोच गळलेला असेल, तर बेकरचा रुग्ण ड्युशेनचा ठरेल.

आता बहुतेक मुलांचं निदान रक्तातल्या जनुक तपासणीवरच होतं. पोराच्या मांडीला सुरी लागत नाही, हे चांगलंच झालं. तरी जनुकातला बदल कळला म्हणजे प्रथिन पडद्यापर्यंत पोचलं का, हे कळतंच असं नाही. तेव्हा कधी बायोप्सीची वेळ आली आणि अहवालात नुसतं ‘डिस्ट्रोफिन निगेटिव्ह’ एवढंच लिहून आलं, तर स्पेक्ट्रिन कसं होतं, हे जरूर विचारा.