दिवा दिसतो, चित्र दिसत नाही

विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणजे दोन तासांत तीस-चाळीस टेबलांवरून फिरणारा माणूस. त्याच्या हातात गुणांचा तक्ता असतो, मागे संयोजकांची घाई असते आणि पुढे चहा थांबलेला असतो. अशा घाईत मी एक चूक केली. परभणी जिल्ह्यातील एका तालुका प्रदर्शनात एका प्रकाशपेटीला मी पहिला क्रमांक दिला. आज त्याच पेटीची समीक्षा करायची आहे. मुलांचे कौतुक कमी करण्याचा हेतू नाही. पण आपण शिक्षक असे प्रयोग कसे करवून घेतो आणि कसे तपासतो, याचा विचार या निमित्ताने व्हावा असे वाटते.

उपकरणाचे नाव होते ‘जुन्या व्हिडिओ गेमच्या फलकासाठी प्रकाशपेटी’. फलक एका विद्यार्थ्याच्या घरचा. परभणीला दर फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. १९९० नंतरच्या काही वर्षांत त्या मुलाचे वडील तिथे व्हिडिओ गेमची दोन यंत्रे लावत. त्यांच्या दुकानावरचा हा फलक, ७५ सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर उंच. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर गावातल्या पेंटरने मागच्या बाजूने रंगवलेला. वर पिवळी-निळी अक्षरे, खाली लाल अंतराळयान. मुलांनी प्लायवुडची ५ सेंटिमीटर खोल पेटी केली, आत एलईडीच्या पट्ट्या चिकटवल्या, त्यांच्यापुढे दुधी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा बसवला आणि त्याला लागून फलक चार स्क्रूंनी घट्ट आवळला. बटण दाबले की सगळा कोपरा उजळून निघे. गर्दी तिथेच होती.

असे फलक मुळात कशासाठी असत? १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला, १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० साली नामको कंपनीचा ‘पॅक-मॅन’. नाणे टाकून खेळायची ही यंत्रे अंधाऱ्या दालनात ओळीने उभी असत. कोणते यंत्र कोणते हे लांबून कळावे म्हणून माथ्यावर नावाची पट्टी असे. चित्र पारदर्शक प्लास्टिकवर किंवा काचेवर मागून छापलेले आणि त्याच्या पाठीशी बहुधा दीड फुटी ट्यूब. प्रकाशाशी खेळण्यात ही मंडळी हुशार होती. ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा पडदा कृष्णधवल होता, त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावून रंगांचा भास केला होता. उभ्या यंत्रात तर अर्धवट चांदी चढवलेल्या आरशाच्या साहाय्याने पडद्यावरची आकृती आणि रंगवलेली पार्श्वभूमी एकावर एक दिसत. म्हणजे अशी पेटी हा प्रकाशाच्या धड्याचा उत्तम विषय आहे. मुलांची निवड शंभर टक्के बरोबर होती.

आता पेटीकडे वळू. पहिली गोष्ट मी त्या दिवशी पाहिली, पण तिचा अर्थ लावला नाही. फलकावर चार आडवे उजळ पट्टे दिसत होते. आत एलईडीच्या चार ओळी, दोन ओळींतले अंतर १० सेंटिमीटर आणि पेटीची खोली ५ सेंटिमीटर. साधा हिशेब करा. ओळीच्या अगदी समोर जितका प्रकाश पडतो, त्याच्या सुमारे दोन तृतीयांशच दोन ओळींच्या मधोमध पडतो. डोळ्याला हा फरक लगेच जाणवतो. तेवढ्याच खोलीत ओळी ५ सेंटिमीटरवर लावल्या, तर कडेचा भाग सोडून हा फरक दोन-तीन टक्क्यांवर येतो आणि पट्टे दिसेनासे होतात. दिव्यांतले अंतर पेटीच्या खोलीपेक्षा जास्त असू नये, हा नियम मुले एका दुपारी स्वतः शोधू शकतात. त्यासाठी दोन टॉर्च, तेल लावलेला कागद आणि फूटपट्टी पुरते. कागद मागेपुढे सरकवायचा आणि दोन उजळ ठिपके कुठे एकजीव होतात ते मोजायचे.

पेटीच्या आत चमकी कागद लावला होता. ‘जास्त प्रकाश परततो’ असे कारण मुलांनी दिले. प्रकाश परततो हे खरे, पण चमकी कागद आरशासारखा वागतो आणि दिव्यांच्या प्रतिमा तशाच पुढे पाठवतो. पांढऱ्या, बिनचमकीच्या रंगावर अनियमित परावर्तन होते आणि प्रकाश सर्व दिशांना पसरतो. इथे तेच हवे होते. ‘नियमित आणि अनियमित परावर्तनातील फरक लिहा’ हा प्रश्न हीच मुले पाच ओळींत बिनचूक सोडवतात. पेटी करताना तो धडा कोणालाच आठवला नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. दिवा लावला की अक्षरे झळकत, पण लाल अंतराळयान काळे पडे. मी मुलांना विचारले, “यान काळे का?” एक मुलगा म्हणाला, “रंग जुना झालाय, सर.” दिवा बंद करायला लावला तर यान पुन्हा लालबुंद! रंग जुना झालेला नव्हता. पेंटरने अक्षरे पातळ, पारदर्शक रंगात काढली होती आणि यान जाड ऑइल पेंटमध्ये. पारदर्शक रंगातून प्रकाश आरपार येतो, म्हणून तो मागून उजळतो. अपारदर्शक रंगावरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून तो समोरून उजळावा लागतो. मागून दिवा लावला की त्याची फक्त सावली उरते. हे ज्ञान आपल्याकडे जुने आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ सुरू केले, ते काचेवर रंगवलेल्या चित्रांतून प्रकाश पाडूनच. तिथे जाड रंग दिला असता, तर पडद्यावर काळा डागच उमटला असता.

मुलाचे वडील शेजारीच उभे होते. मी त्यांना सहज विचारले. ते म्हणाले, “मागं ट्यूब असायची सर, अन् समोर दोनशेचा बल्ब लटकायचा. बल्ब नसला तर यान दिसतच नव्हतं.” म्हणजे फलकाची खरी प्रकाशयोजना दोन दिव्यांची होती, आणि ती जाणणारा माणूस दोन हातांवर होता. पेटी तयार होईपर्यंत त्याला कोणी काही विचारले नव्हते. मार्गदर्शक शिक्षकांनीही नाही. आधी पेटी ठरली, मग फलक तिच्यात बसवला गेला. माझ्या मते या प्रयोगाचा मुख्य दोष हाच. फलक हातात घेऊन तो आधी उन्हाकडे धरून आणि मग उन्हाकडे पाठ करून पाहिला असता, तर पेटीच्या वरच्या कडेला पुढे झुकलेला एक छोटा दिवाही आपोआप आला असता.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. प्रकाशाने रंग विटतात. किती विटतील हे प्रकाशाची तीव्रता आणि वेळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणून संग्रहालयांत कागद, कापड, जलरंग अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात. या पेटीतल्या पट्ट्या १४ वॅटच्या. वॅटला ८० ल्यूमेन धरले तर सुमारे ११०० ल्यूमेन होतात. निम्मा प्रकाश वाया गेला असे मानले, तरी ०.३ चौरस मीटरच्या फलकावर १८०० लक्स पडतात, म्हणजे ५० लक्सच्या ३६ पट. प्रदर्शनाच्या दोन दिवसांत पेटी १६ तास चालू होती. संग्रहालयाच्या मापाने हे जवळजवळ ५७६ तास झाले. एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ नसतात, ही जमेची बाजू. पण म्हणून दिवसभर दिवा चालू ठेवावा असे नाही. पाहणाऱ्याने दाबले की अर्धा मिनिट उजळणारे बटण लावणे नववीच्या मुलांच्या आवाक्यातले आहे.

चौथी गोष्ट मला मे महिन्यात कळली. त्या मुलाचा निरोप आला : फलकाला स्क्रूच्या भोकापासून तडा गेला आहे. कारण सरळ आहे. अ‍ॅक्रिलिकचे उष्णतेने होणारे प्रसरण अंशाला लांबीच्या सुमारे ७० दशलक्षांश असते, काचेच्या सात-आठ पट. फलक जानेवारीतल्या थंड सकाळी आवळला होता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. फरक ३० अंशांचा धरला तर ७५ सेंटिमीटरचा फलक दीड मिलिमीटरहून थोडा अधिक वाढू पाहतो. प्लायवुड जवळजवळ वाढत नाही. घट्ट स्क्रूंमध्ये अडकलेला पत्रा आधी फुगला आणि मग भोकापाशी फाटला. रेल्वेच्या रुळांत फट का ठेवतात, हे प्रत्येक वर्गात सांगितले जाते. इथे दोन मिलिमीटरची फट आणि स्क्रूऐवजी लाकडी खाच पुरली असती.

हा तडा माझ्या गुणपत्रिकेतही आहे. मी ‘मांडणी’ला दहापैकी नऊ दिले होते. फलक पुन्हा काढता येतो का, तो किती वेळ उजळतो, त्याला वाढायला जागा आहे का, यासाठी आपल्या तक्त्यात रकानाच नसतो आणि मीही विचारले नाही. शेजारच्या तक्त्यावर अर्धवाहकांची माहिती सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती, तिच्यावर मी समाधान मानले.

या सगळ्यात एक आठवण मात्र टिकून आहे. निघताना मी विचारले होते, “मागचा दुधी पत्रा काढला तर काय होईल?” मुले एकमेकांकडे पाहू लागली. गटातली सर्वांत लहान मुलगी हळूच म्हणाली, “मग दिवे दिसतील सर, चित्र नाही दिसणार.” तिने तो पत्रा कधी काढून पाहिलेला नव्हता, तरी उत्तर बरोबर होते. त्याच क्षणी स्क्रू काढून तिला ते करून पाहू द्यायला हवे होते. आता ती मुले पुढच्या वर्गात गेली आहेत. तडा गेलेला फलक त्यांनी टाकून दिलेला नाही, आणि या वेळी पेटी कशी करायची हे ठरवायला ती आधी मुलाच्या वडिलांकडे बसणार आहेत.