‘बीएमएक्स बँडिट्स’ : सापडलेल्या वस्तूची नीती

मुलांनी गुन्हेगारांवर मात करण्याची कथा नीतीच्या दृष्टीने निःसंदिग्ध असते, असे गृहीत धरले जाते. एरिक केस्टनर यांच्या ‘एमिल आणि गुप्तहेर’ (1929) या कादंबरीने हा रूपबंध स्थिर केला. तेथे एमिलचे 140 मार्क चोरीस जातात आणि बर्लिनमधील मुले चोराचा माग काढून ते परत मिळवितात. संपत्ती कोणाची, याविषयी संदेह राहत नाही. ब्रायन ट्रेंचर्ड-स्मिथ दिग्दर्शित ‘बीएमएक्स बँडिट्स’ (1983) हा ऑस्ट्रेलियन चित्रपट वरवर याच परंपरेतला. परंतु ही निःसंदिग्धता तो आरंभीच गमावतो, आणि त्याचे महत्त्व नेमके येथे आहे.

सिडनीच्या उत्तरेकडील समुद्रकिनाऱ्याच्या परिसरात पी. जे. आणि गूस यांच्या सायकली मोडतात. सुपरमार्केटमध्ये सामानाच्या ढकलगाड्या गोळा करणाऱ्या ज्यूडीची (निकोल किडमन) नोकरी त्यांच्यामुळे जाते. पैशांसाठी शिंपल्या शोधायला गेलेल्या या तिघांना पाण्यात वॉकी-टॉकींचे खोके सापडते. पोलिसांची संभाषणे चोरून ऐकण्यासाठी दरोडेखोरांनी ती यंत्रे मिळविलेली असतात. मुले मालकाचा शोध घेत नाहीत. यंत्रे इतर मुलांना विकून टाकतात.

व्लादिमीर प्रॉप यांच्या परिभाषेत हे खोके म्हणजे नायकाला लाभणारी जादूची वस्तू. अद्भुतकथेत ती बहुधा दात्याकडून, कसोटीनंतर मिळते. येथे दाता नाही, कसोटीही नाही. आहे ती केवळ गरज. दरोडेखोर आणि मुले एकाच वस्तूकडे पैशाचे साधन म्हणून पाहतात. ‘बँडिट्स’ हे अभिधान शीर्षकात मुलांनाच लागते, याला म्हणूनच विनोदापलीकडचा अर्थ आहे. कथानक जो प्रश्न टाळते, तो शीर्षक विचारते.

मग मुलांची बाजू न्याय्य कशाने ठरते? केवळ वयाने नव्हे. दरोडेखोरांच्या हाती वॉकी-टॉकी हे गुप्ततेचे साधन आहे. विक्रीनंतर तेच यंत्र परिसरातील मुलांच्या सामायिक संज्ञापनाचे माध्यम होते. केस्टनरच्या कादंबरीतही संदेशव्यवस्था आहे; पण छोटा डीनस्टाग घरी टेलिफोनजवळ बसून राहतो, व्यवस्थेला केंद्र असते. येथे केंद्रच उरत नाही. पगाराच्या रकमेवरील दरोडा उधळला जातो तो या विखुरलेल्या जाळ्यामुळे. मराठी वाचकाला भा. रा. भागवतांचा सायकलस्वार फास्टर फेणे आठवणे स्वाभाविक आहे. तेथे मात्र शौर्य एका व्यक्तिरेखेत एकवटलेले असते. येथे ते परिसरभर वाटले जाते.

अवकाशाची योजनाही याच सूत्राशी जुळणारी आहे. मोटारीला रस्ता लागतो. सायकल शॉपिंग मॉलमधून जाते, जलक्रीडेच्या घसरगुंडीवरूनही उतरते. जेथे मुलांना केवळ ग्राहक म्हणून प्रवेश असतो, ती स्थळे त्यांची वाट होतात. पाठलागांना केवळ नेत्रसुख मानणारी समीक्षा हा अर्थ हरवून बसते.

तथापि चित्रपट आपल्या शोधाला शेवटपर्यंत सामोरा जात नाही. व्हायटी आणि मुस्टॅश या गुंडांना विदूषक करून तो मुलांच्या कृतीतील गुंता हास्यात विरघळवतो. ज्यूडीचा प्रश्नही असाच मागे पडतो. तिघांपैकी आपल्या श्रमाची मजुरी गमावते ती एकटी. सायकल नसते तीही तिलाच. मुलग्यांना मोडलेले दुरुस्त करायचे आहे, तिला मुळातून मिळवायचे आहे. हा फरक संहितेत नोंदला जातो. त्याला कथनात परिणाम मात्र लाभत नाही.

किशोरांसाठीच्या कलाकृतीला निरागसतेचे आवरण घालून समीक्षेबाहेर ठेवण्याची सवय मोडायला हवी. येथे मुले निरागस नाहीत, गरजवंत आहेत. चित्रपट हे दाखवितो आणि लगेच हसून दुसरीकडे वळतो; समीक्षकाने त्याच्याबरोबर वळण्याचे कारण नाही.