वीस एक की एकवीस?

दिवाळी अंकात परीक्षण करावयाचे ते कादंबरीचे किंवा काव्यसंग्रहाचे, असा आपल्याकडे प्रघात आहे. इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावर कोणी टीकालेख लिहावा ही कल्पना वाचकांस काहीशी चमत्कारिक वाटेल. परंतु घरोघर, कट्ट्याकट्ट्यावर आणि विधिमंडळातदेखील ज्यावर वाद झडला असे एखादे ललित पुस्तक अलीकडे निघाल्याचे मला तरी आठवत नाही. 'बालभारती'ने २०१९ साली काढलेल्या गणिताच्या पुस्तकाने मात्र तो मान मिळविला. आणि तो कशापायी? तर त्यात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' छापले होते म्हणून!

मराठी बुडाली, असा तेव्हा एकच गिल्ला झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जुनी नावे काढून टाकलेली नाहीत. जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलांसाठी दुसरी वाट दाखविली आहे एवढेच. पण ऐकतो कोण? पुस्तक न उघडताच त्यावर लिहिणे हा काही केवळ साहित्यसमीक्षकांचाच मक्ता नव्हे.

वास्तविक त्यांनी दाखविलेली अडचण खरी आहे. 'सत्तावीस' म्हणताना आपण आधी सात उच्चारतो नि मग वीस. लिहिताना मात्र आधी २ नि मग ७. कान एकीकडे ओढतो, हात दुसरीकडे. त्यातून 'एकोणसाठ'सारखा शब्द आला म्हणजे पोराची त्रेधाच. कानावर पडतो साठ, लिहावयाचे पाच! बरे, एकोणीस, एकोणतीस, एकोणनव्वद असा नियम धरून पुढे जावे, तर नव्याण्णवाशी येताच तो नियमही दगा देतो. शंभरापर्यंतची नावे आपल्याकडे जवळजवळ एकेक करूनच पाठ करावी लागतात.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून बोलत नाही. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव नावाचे गाव आहे, रेणुकादेवीचे म्हणून त्या भागात माहीत असलेले. तेथल्या एका घरी सुटीत बसलो असता दुसरीतल्या मुलाची सत्रपरीक्षेची उत्तरपत्रिका माझ्यासमोर आली. 'सदुसष्ट' हा आकडा अंकांत लिहावयाचा होता. मुलाने लिहिले होते ७६. वर लाल फुली आणि शून्य. अंगणात त्याची आजी गवऱ्या रचीत होती. किती झाल्या म्हणून विचारले, तर म्हणाली, "तीन ईसा अन् सात." बाईंनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. नातवाला मी म्हटले, "तू मोज बरे." त्याने दहादहाचे ढीग केले, सहा ढीग झाले, वर सात उरल्या. मोजणीत तसूभर चूक नाही. पण नाव विचारताच तो आजीकडे पाहू लागला.

आता आजीचा शब्द नीट पाहा. तिने मोठे आधी सांगितले, धाकटे मागून. विसाविसांनी मोजण्याची ही रीत आपल्या निरक्षर शेतकऱ्या-मेंढपाळांची, चांगली जुनी. म्हणजे ज्या 'साठ सात'वर परंपरा मोडल्याचा आरोप झाला, ते क्रमाच्या बाबतीत सदुसष्टापेक्षा या आजीच्या अधिक जवळचे आहे. परंपरा, परंपरा म्हणून ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांना आज पावकी, निमकी, अडीचकी, औटकी येते? ती गेली तेव्हा कोणी सुतक पाळल्याचे ऐकिवात नाही.

आणखी एक गंमत. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या एकाच राज्यात तेलुगू आणि कानडी मुले दशक आधी, एकक मागून असे मोजीत होती. मराठी पोर आणि उर्दू पोर तेवढी उलट. राज्य एक, अंक लिहिण्याची पद्धत एक, पण मुलाच्या डोक्यावरचे ओझे भाषेभाषेप्रमाणे निराळे. नॉर्वेने तर १९५१ साली सरकारी निर्णय करून हा क्रमच फिरविला. टेलिफोनचे आकडे सांगताना-ऐकताना घोटाळे होत, हे त्याचे एक कारण. जुनी पद्धत तेथे बोलण्यात पुढेही टिकून राहिली, आणि नॉर्वेजियन भाषा काही बुडाली नाही.

मग पुस्तक निर्दोष म्हणावे काय? तसे मला म्हणवत नाही. पुस्तककर्त्यांना गणिताचा कान होता, पण मराठीचा कान ऐन वेळी थोडा कमी पडला. 'लग्नाला पन्नास एक माणसे होती' असे आपण म्हणतो तेव्हा एक्कावन्न नव्हे, सुमारे पन्नास असे म्हणत असतो. 'वीस एक' हा शब्दप्रयोग मराठीत आधीच दुसऱ्या कामावर रुजू झालेला आहे! शिवाय 'साठ सात' नुसते कानी पडले तर एखादे मूल सरळ ६०७ लिहून मोकळे होईल. आजीच्या बोलण्यात जो 'अन्' होता, तो पुस्तकातून निसटला. 'साठ नि सात' म्हटले असते तर हे दोन्ही घोटाळे पुष्कळसे टळले असते, आणि कानालाही ते इतके परके वाटले नसते. दोन नावे शेजारी छापून, कोणते केव्हा वापरावे हे पुरेसे न उलगडता सोडणे, हा मुलावर दुहेरी भार आहे. बाजारात तर त्याला सदुसष्ट रुपयेच ऐकू येणार.

पण माझा खरा रोख पुस्तकापेक्षा प्रश्नपत्रिकेवर आहे. पुस्तक बदलले, वाद झाला, वाद विरला. प्रश्न तोच राहिला : 'अंकांत लिहा', 'अक्षरी लिहा'. ९३ हे 'त्र्याण्णव' असे लिहून दाखविणे ही शुद्धलेखनाची परीक्षा आहे, तीही कठीण. तिचे गुण गणिताच्या खात्यात का पडावेत? २००५ पासून गावोगाव घरी जाऊन होणाऱ्या 'असर' पाहणीतदेखील मुलाला दोन अंकी आकडा ओळखून सांगावयाचा असतो. तेथे मराठी मूल एका दमात दोन परीक्षा देते, तेलुगू मूल जवळजवळ एकच. हिंदी आणि गुजराती मुलेही आपल्याच नावेत आहेत, एवढेच समाधान.

याला उपाय अवघड नाही. ढीग मोजून अंक लिहिण्याचा प्रश्न वेगळा ठेवावा, ऐकलेले नाव लिहिण्याचा वेगळा, आणि गुणही वेगळे मांडावेत. राणीसावरगावच्या त्या मुलाला पहिल्यात पुरे गुण पडले असते. दुसऱ्यात काय शिकवावयाचे राहिले आहे, हे शिक्षकांना त्याच कागदावर दिसले असते. ७६ आणि ६७ यांत जे उलटले ते अंक होते, गवऱ्या नव्हेत.