संहितेबाहेरचे पात्र : गवळण, झाडीपट्टी आणि आंतरजालावरील भूमिकाखेळ

कथाविश्व आधीच निश्चित झालेले असताना त्यात सहज न बसणारे पात्र घेऊन कोणी उभा राहिला, तर त्याला जागा द्यावी काय, हा प्रश्न आंतरजालावरील भूमिकाखेळांत वारंवार उपस्थित होतो. 1974 मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. 1978 मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा संगणकावरील बहुखेळाडू खेळ सिद्ध केला. 2004 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तर भूमिका वठविणाऱ्यांसाठी स्वतंत्र सर्व्हर राखले गेले. अशा खेळात खेळाडू आपल्या पात्राचे कुळ, शील व पूर्ववृत्त स्वतः रचतो. बहुतेक जण सैनिक, वैद्य वा व्यापारी होतात. काहींना मात्र अर्धा मनुष्य-अर्धा असुर, हरवलेला राजवंशज किंवा मानवी देहात लपलेला ड्रॅगन व्हावयाचे असते. मग सहखेळाडूंचा आक्षेप येतो : हे आपल्या कथाविश्वाला धरून नाही. हा वाद नव्या माध्यमाचा म्हणून पाहिला जातो. वस्तुतः सिंदेवाहीपासून वडसा-आरमोरीपर्यंतच्या झाडीपट्टीला, आणि एकंदर मराठी लोकरंगभूमीला, तो नवा नाही.

गवळणीचे उदाहरण घ्यावे. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात कृष्णाचे सवंगडी म्हणून श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण ही नावे येतात. पेंद्या येत नाही. लंगडा, भोळा, खादाड पेंद्या ही मराठी कल्पनेची निर्मिती होय. तमाशातील व विदर्भाच्या खडी गंमतीतील गवळणीत येणारी मावशीही तशीच पुराणबाह्य आहे. ती गवळणींची म्होरकी. पुरुष नट लुगडे नेसून ती वठवितो आणि आपला पुरुषी आवाज लपविण्याची फारशी तसदी घेत नाही. इतकेच नव्हे, तर मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना अडवून कृष्णाने दाण मागावे, हा गवळणीचा मूळ प्रसंगही भागवतात नाही. म्हणजे पुराणाशी ताडून पाहावयाचे ठरविले, तर गवळणीत कृष्णाखेरीज फारसे काही उरणार नाही.

तरीही पेंद्या प्रेक्षकाला खटकत नाही. याचे कारण केवळ सवय हे नव्हे. पेंद्या कृष्णावाचून एक पाऊलही टाकू शकत नाही. त्याचे लंगडेपण दुसऱ्याला आधार द्यावयास लावते, त्याची भूक दुसऱ्याला शिदोरी सोडावयास लावते. मावशी प्रश्न विचारते आणि साक्षात परमेश्वराला उत्तर द्यावे लागते. कंसवध, गोवर्धन, मथुरागमन यांपैकी एकाही घटनेला ही पात्रे धक्का लावत नाहीत. पुराणाने जेथे काही सांगितलेले नाही, त्या मोकळ्या जागेत ती वावरतात आणि तेथे इतरांना काम देतात.

याच्या उलट मानवी वेषातील ड्रॅगनची स्थिती आहे. ‘वॉरक्राफ्ट’च्या कथाविश्वात ड्रॅगन मनुष्यरूप धारण करतात, तेव्हा असे पात्र पूर्णतः शास्त्रसंमत ठरते. परंतु सहखेळाडूंना ते नकोसे होते. सहस्रावधी वर्षे जगलेल्या, सर्व काही जाणणाऱ्या व कोणाकडूनही पराभूत न होणाऱ्या पात्रासमोर इतरांनी करावयाचे काय? त्यांच्या वाट्याला केवळ विस्मय उरतो. ज्या खेळात प्रेक्षक वेगळा नसतो, प्रत्येक जण नटही असतो आणि दुसऱ्याचा प्रेक्षकही, तेथे असा सक्तीचा विस्मय म्हणजे इतरांची भूमिका हिरावून घेणेच होय. सारांश, पेंद्या शास्त्रबाह्य असून खेळण्याजोगा आहे; ड्रॅगन शास्त्रसंमत असून खेळण्याजोगा नाही. ग्रंथप्रामाण्याची कसोटी लावणारे दोन्हीकडे चुकीचा निर्णय देतील.

मग सामर्थ्यवान पात्र नाकारावेच काय? कोकणातील दशावताराचे उत्तर वेगळे आहे. तेथील आडदशावतारात वेद पळविणारा संकासुर येतो. काळा पोशाख, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ असा त्याचा अवतार. पुराणातील शंखासुराशी त्याचे नाते नावापुरते उरते, कारण हा असुर मालवणीत बोलतो, थट्टा करतो, समोर बसलेल्यांची फिरकी घेतो. त्याला मिळालेले स्वातंत्र्य जवळजवळ अमर्याद आहे. पण विष्णूच्या हातून होणारा त्याचा शेवट ठरलेला आहे आणि तो त्याने कधी नाकारलेला नाही. पराभव आधीच मान्य करून घेतलेले हे स्वातंत्र्य आहे. हरण्याची तयारी नसलेल्या खेळाडूंनी या असुराकडे अवश्य पाहावे.

झाडीपट्टीत हा प्रश्न अधिक अवघड रूपात उभा राहतो. धान निघाल्यावर, दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत रात्रभर नाटके होतात. होळीपर्यंत हंगाम चालतो. दंडारीतून वाढलेल्या या रंगभूमीवर आज लिखित संहिता आहे, तिकीट आहे, प्रॉम्प्टरही आहे. आणि प्रत्येक नाटकात, त्याचा विषय शेतकऱ्याची आत्महत्या असो की हुंडाबळी, एक विनोदी पात्र आहे. हे पात्र हातभर संहितेत व चार हात संहितेबाहेर असते. ते सुटले की प्रॉम्प्टरने थांबावयाचे असते. या कामातील नटांची योग्यता वादातीत आहे. 800 भूमिका आणि 5,000 हून अधिक प्रयोग करणाऱ्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती या रंगभूमीच्या ताकदीची पावती आहे.

दोष नटात नाही, रचनेत आहे. आजचे विनोदी पात्र बहुधा सुटे असते. एका नाटकातून काढून दुसऱ्यात बसविले तरी काही बिघडत नाही. तो आला की नाटक थांबते, गेला की पुन्हा सुरू होते. पहाटेपर्यंत बसणाऱ्या प्रेक्षकाला विसावा हवा, हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. मावशीही हसवीत होतीच. तिच्यामुळे गवळण थांबत नव्हती, पुढे सरकत होती.

यातच भाषेचा प्रश्न गुंतलेला आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीला स्वतंत्र बोली म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली. पण रंगमंचावर नायक-नायिका बहुतांश प्रमाण मराठीत बोलतात. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ करणारी, समोर बसलेल्या प्रेक्षकाच्या घरातली बोली विनोदी गड्याच्या वाट्याला येते. संहितेबाहेरचे पात्र हीच त्या बोलीची आत येण्याची वाट ठरली आहे, हे त्याचे मोठे काम मानावे लागेल. मात्र गवळणीत मावशीच्या बोलीला कृष्ण तिच्याच बोलीत उत्तर देई. सिंदेवाहीच्या मंडईत गडी झाडीबोलीत बोलतो, आणि मालक त्याला पुस्तकी मराठीत उत्तर देतो.